कळलावी: कंदापासून बोंडापर्यंत आणि पुन्हा कंदापर्यंत

कळलावीचं वर्ष ठरलेलं असतं. मृगाच्या आसपास जमिनीतून कोंब वर येतो, श्रावण-भाद्रपदात वेल फुलते, दिवाळीच्या पुढेमागे बोंडं पिकतात आणि वेल वाळून जाते. त्यानंतरचे पाच-सहा महिने ती जमिनीखाली नुसता कंद होऊन पडून असते. घरी लावलेली कळलावी दगावते ती बहुतेक वेळा याच काळात. वेल वाळली म्हणून कोणी कुंडी रिकामी करून टाकतं, कोणी जीव जाईल या भीतीने पाणी घालत राहतं आणि झोपलेला कंद आतल्या आत कुजतो. ही बहुवर्षायू वनस्पती टिकवायची, तर फुलांच्या दोन महिन्यांपेक्षा या झोपेची काळजी जास्त घ्यावी लागते.

हिचं शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. संस्कृतात लांगली, कलिकारी, अग्निशिखा. लांगल म्हणजे नांगर, आणि कंद हातात घेतला की या नावाचा अर्थ लगेच कळतो, कारण तो नांगराच्या फाळासारखा कोनात वळलेला असतो. मराठीत कळलावी, खड्यानाग, वाघनखी ही नावं चालतात. कोकणात हिच्या फुलांना गौरीचे हात म्हणतात आणि गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीत ही फुलं बांधतात. तामिळनाडूचं हे राज्यफूल आहे, झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे. काही भागांत हिलाच बचनाग म्हणतात, पण खरा बचनाग हिमालयात वाढणारा, वेगळ्या कुळातला आणि वेगळ्या विषाचा आहे. म्हणून कंद मागताना नावावर विसंबू नका, कंद डोळ्यांनी बघून घ्या.

आधी विषाबद्दल

कळलावीचा कोणताही भाग पोटात जाता कामा नये. कंद, पान, फूल, बी या सगळ्यांत कोल्चिसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. कंदात आणि बियांत ते विशेष. याच द्रव्यापासून गाउट या सांध्यांच्या आजारावरचं औषध होतं आणि त्यासाठीच हिच्या बियांना मागणी आहे. मात्र औषधाची मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडं आहे, त्यामुळे घरगुती काढा, चूर्ण, लेप यांतलं काहीही करू नका. आयुर्वेदात ही उपविषांत गणली जाते आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. ते काम वैद्याचं. बाळंतपणात कळा आणण्यासाठी कंदाचा लेप लावायची जुनी चाल होती, कळलावी हे नाव त्यावरूनच आलं असं सांगतात. ती चाल आज कुणी करून पाहू नये.

विषबाधा झाली तर काही तासांत घशात आग, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग एखादा दिवस बरं वाटू शकतं, पण त्या काळात रक्तपेशी, मूत्रपिंड, यकृत यांवर परिणाम होत असतो. बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही. लगेच रुग्णालयात जायचं आणि पोटात काय गेलं ते डॉक्टरांना कळावं म्हणून कंदाचा किंवा वेलीचा तुकडा सोबत न्यायचा.

खरा धोका कंदाच्या रूपात आहे. तो रताळ्यासारखा, कणगरासारखा दिसतो. म्हणून कणगर, करांदे, रताळी, हळद, आलं यांच्या वाफ्यात किंवा शेजारी कळलावी कधीच लावू नका. आज तुम्हाला ठाऊक असतं कुठे काय लावलंय. चार वर्षांनी दुसरं कोणी तिथे खणत असेल. कंद हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा. माटोळीत खायची फळं आणि ही फुलं शेजारी येतात, तिथेही एवढी काळजी हवीच. गुरं, शेळ्या, कुत्री यांनाही ती तितकीच विषारी. कुंडीत हाडांचा चुरा खत म्हणून घालू नका. त्या वासाने कुत्रं कुंडी उकरतं आणि कंद वर येतो.

कंद कसा निवडायचा

जंगलातून किंवा गावकुसाच्या कुंपणातून कंद उपटून आणू नका. औषधासाठी वर्षानुवर्षं खणून काढल्यामुळे सह्याद्रीत अनेक ठिकाणी ती विरळ झाली आहे. शिवाय ऐन फुलात असताना उपटलेली वेल सहसा जगत नाही, कारण तेव्हा जुना कंद संपत आलेला असतो आणि नवा तयार झालेला नसतो. रोपवाटिकेतून किंवा लागवड करणाऱ्याकडून, झोपेच्या काळात काढलेला कंद घ्या.

चांगला कंद टणक, भरीव आणि बाहेरून फिकट तपकिरी असतो. इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारख्या त्याच्या दोन भुजा असतात आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला एकच डोळा असतो. सगळं त्या डोळ्यावर आहे. बटाट्याला चारी बाजूंनी डोळे असतात, तसं इथे नाही. टोक मोडलं तर ती भुजा सहसा उगवत नाही, मग बाकीचा कंद कितीही गलेलठ्ठ असो. घेताना प्रथम टोकं तपासा, मग वजन. शेतातल्या लागवडीसाठी ५० ते ६० ग्रॅमचा कंद धरतात; तो पहिल्याच वर्षी फुलतो. लहान कंद बहुधा एक वर्ष नुसती पानं देतो आणि पुढच्या वर्षी फुलतो, तेवढा धीर असेल तर तोही चालेल.

दोन भुजांच्या कंदातून दोन वेली करता येतात. कोनापाशी, दोन्ही टोकांपासून दूर, स्वच्छ धारदार सुरीने कापा. कापलेला भाग सावलीत २-३ दिवस सुकू द्या. सुकून त्यावर पापुद्रा धरल्याशिवाय लावला, तर पहिल्याच पावसात बुरशी तिथूनच आत शिरते. ती सुरी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

माती आणि लावणी

हिला पाऊस आवडतो, साचलेलं पाणी नाही. रानात ती मुरमाड उतारावर, बांधावर, कुंपणाच्या बुंध्याशी येते. या जागांवर पाऊस भरपूर पडतो, पण पाणी थांबत नाही. तांबडी, रेताड-पोयट्याची, किंचित आम्ल ते उदासीन जमीन (सामू म्हणजे पीएच साधारण ५.५ ते ७) तिला मानवते. देशावरच्या काळ्या जमिनीत लावायचीच असेल तर सपाटीवर लावू नका. ३० सेंटिमीटर उंच गादीवाफा करा आणि त्यात वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. तसं केलं नाही तर ऑगस्टमधल्या झडीत कंद सडतो.

कुंडी १२ ते १४ इंच व्यासाची आणि तेवढीच खोल घ्या, कारण नवे कंद खाली खाली जातात आणि उथळ कुंडीत तळाशी अडून वाकडे होतात. तळाला चार-पाच भोकं हवीत. मिश्रण असं: २ भाग तांबडी माती, १ भाग जाड वाळू, १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट कमीत कमी घाला, पावसाळ्यात ते फार ओलं राहतं. ताज्या शेणाला तर हातही लावू नका. त्यात हुमणी अळी येते आणि कंदही भाजतो.

वेळ मेअखेर ते जून. वळिवाच्या सरीनंतर मातीत वाफसा आला की लावणी करावी. ती अशी:

१. बुरशीनाशकाच्या द्रावणात कंद अर्धा तास बुडवा. कार्बेन्डाझिम १ ग्रॅम एका लिटर पाण्यात. सेंद्रिय करायचं असेल तर त्याऐवजी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून मातीत द्या. दोन्ही एकदम नको, कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्माच मरतं.

२. कंद सावलीत निथळू द्या.

३. ६ ते ८ सेंटिमीटर खोल खड्ड्यात कंद आडवा ठेवा, डोळ्याचं टोक किंचित वर. उभा खोचू नका, खोचताना नेमकं टोकच मोडतं.

४. माती हलक्या हाताने लोटा, पायाने किंवा मुठीने दाबू नका.

५. आधाराची काठी आत्ताच रोवा. नंतर रोवली तर कंदातून आरपार जाण्याची भीती असते.

६. एकदा पाणी द्या. मग कोंब दिसेपर्यंत फक्त वरची माती सुकल्यावरच.

कोंब साधारण दोन ते चार आठवड्यांत दिसतो, एखादा कंद त्याहूनही उशिरा येतो. आत काय चाललंय म्हणून उकरून बघू नका. त्या वेळी कोंब काचेसारखा ठिसूळ असतो आणि त्याला पर्यायी डोळा नसतो. बागेतल्या जागेवर खुणेची खुंटी ठोका, नाहीतर निंदणी करताना खुरपं नेमकं त्याच्यावर पडतं.

आधार: काठी जाड नको

कळलावीचं खोड कशाला विळखा घालत नाही. ती चढते पानांच्या टोकांनी. प्रत्येक पान टोकाला निमुळतं होत ताण्यासारखं गुंडाळलं जातं आणि सापडेल त्या बारीक काडीला धरतं. हे लक्षात न घेता लोक जाड बांबू रोवतात. पानाच्या टोकाला तो कवेतच घेता येत नाही, वेल घसरते, वाऱ्यात शेंडा मोडतो आणि त्या वर्षीची बरीचशी फुलं तिथेच जातात. पेन्सिलीहून बारीक काही द्या. तुराट्या उत्तम, कारवीच्या काड्या उत्तम, वाळक्या फांद्यांचं झुडूप किंवा सुतळीची जाळीही चालते. उंची दीड ते दोन मीटर. सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे निरगुडीसारख्या झुडपाच्या बुंध्याशी लावणं. बुंधा सावलीत आणि शेंडा उन्हात, असं तिला रानातही मिळतं. गच्चीवर किंवा गॅलरीत निदान ४-५ तास ऊन हवं. सावलीत वेल लांबते, फुलत नाही.

पाणी आणि खत

पावसाळ्यात पाणी द्यायची वेळ क्वचितच येते. उघडीप पडली तर कुंडीत बोट खुपसून पाहा, दोन पेरं कोरडी लागली तर भरपूर पाणी द्या. कुंडीखाली ताटली ठेवू नका. कळ्या धरल्यापासून बोंडं भरेपर्यंत मात्र ओल तुटू देऊ नका, कारण त्याच काळात खाली पुढच्या वर्षीचा कंद भरत असतो. सप्टेंबरातली उघडीप बाधली तर त्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो. कंद लहान राहतो, फुलं कमी येतात आणि कारण कळत नाही.

खत कुंडीला महिन्यातून दोनदा पुरे: मूठभर गांडूळखत आणि चमचाभर चाळलेली लाकडाची राख, बुंध्यापासून चार बोटं दूर. युरिया टाळा. नत्र जास्त झालं की पानं रसरशीत होतात, फुलं मागे पडतात आणि कंद पाणीदार होऊन साठवणीत सडतो.

फूल आणि परागण

कळी हिरवी आणि खाली मान घातलेली असते. उमलताना सहाही पाकळ्या मागे वळतात. आधी हिरवट, मग बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी लाल, शेवटी सबंध तांबड्या. हा रंगबदल काही दिवस चालतो, म्हणून एकाच वेलीवर वेगवेगळ्या रंगांची फुलं दिसतात.

बी धरायचं असेल तर फुलाची रचना नीट पाहा. सहा पुंकेसर बाहेर पसरलेले असतात आणि स्त्रीकेसराची दांडी बुडापासून काटकोनात वळून फुलाबाहेर गेलेली असते. त्यामुळे फुलाचा स्वतःचा पराग स्वतःच्या कुक्षीवर, म्हणजे त्या दांडीच्या टोकावर, सहसा पडत नाही. पराग पोचवायचं काम फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी करतात. शहरात, उंच गॅलरीत ते येतीलच असं नाही, मग फुलं भरपूर आणि बोंड एकही नाही अशी स्थिती होते. तामिळनाडूतले शेतकरी म्हणूनच हाताने परागण करतात. वेळ सकाळी ८ ते ११. दुसऱ्या वेलीवरच्या ताज्या फुलाचा, नुकताच फुटलेला परागकोश चिमट्याने घ्या आणि दांडीच्या तीन फाट्यांच्या टोकावर हलकेच टेकवा. पावसाने भिजलेला पराग उपयोगाचा नाही. एकाच कंदाच्या दोन भुजांपासून केलेल्या वेली म्हणजे एकच झाड, तेव्हा वेगळ्या कंदाची दुसरी वेल जवळ असावी.

नुसतं फुलांसाठी लावली असेल तर सुकलेली फुलं खुडा. बोंडात जाणारं बळ कंदाला मिळतं.

अळी आणि सड

कळलावीची मुख्य शत्रू लिलीवरची अळी, पॉलिटेला ग्लोरिओसी. काळी, अंगावर पांढरे आणि लाल-नारिंगी ठिपके, लपायचा प्रयत्नही न करणारी. ती जुलै-ऑगस्टमध्ये येते आणि दोन-तीन दिवसांत वेल खराट्यासारखी करते. पानं गेली की कंद भरायचा थांबतो, नुकसान खरं ते आहे. रोज सकाळी पानांच्या खालची बाजू पाहा, अंड्यांचे पुंजके दिसले तर ते पान काढून नष्ट करा आणि अळ्या हातमोजे घालून वेचून साबणाच्या पाण्यात टाका. चार-दोन वेलींना एवढं पुरतं. जास्त वेली असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. मोठ्या झालेल्या अळीवर त्याचा प्रभाव कमी पडतो, म्हणून अळ्या लहान असतानाच. घरात नागदवणा, फुटबॉल लिली किंवा पावसाळी लिली असेल तर तिथेही पाहा, अळी तिकडूनही येते. कोष मातीत जातात, त्यामुळे हंगामानंतर वरची माती हलवून उन्हात तापू द्यावी, अर्थात कंदाला धक्का न लावता.

सततच्या पावसात पानांवर तपकिरी डाग पडून ती करपतात. वेली दाटीने लावू नका, वारा खेळू द्या. डाग वाढले तर मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रति लिटर, पावसाने उघडीप दिल्यावर.

वेल अचानक पिवळी पडून मान टाकत असेल आणि माती ओली असेल, तर तो तहानेचा प्रश्न नाही. बुंधा तपासा. मऊ, काळपट किंवा पांढऱ्या बुरशीने वेढलेला असेल तर कंदाची सड आहे. पाणी थांबवा, निचरा मोकळा करा, कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर बुंध्याशी ओता. कंद पूर्ण मऊ झाला असेल तर मातीसकट काढून टाका. ती माती दुसऱ्या कंदाला वापरू नका.

बियांपासून

बोंड गडद हिरवं असतं ते फिकट होऊन साल सुरकुतली की काढा. आठ-दहा दिवस सावलीत ठेवलं की आपोआप उकलतं आणि आत नारिंगी-लाल बी दिसतं. ते मुलांना गोळीसारखं वाटतं, म्हणून बोंडं वेलीवर उकलू देऊ नका. पेरण्याआधी वरचा लाल गर चोळून धुवा, बी २४ तास पाण्यात भिजवा आणि मे-जूनमध्ये वाळू-गांडूळखताच्या मिश्रणात सेंटिमीटरभर खोल पेरा. उगवण एकसारखी नसते. काही बी महिन्यात येतं, काही अनेक महिने पडून राहतं. पहिल्या वर्षी एखाददुसरं पान आणि खाली इवलासा कंद, एवढंच. पहिलं फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी. ट्रे हलवू नका आणि पहिल्या वर्षी रोप काढून दुसरीकडे लावू नका.

शेतात लावणार असाल तर

तामिळनाडूत दिंडीगुल, करूर, तिरुप्पूर या भागांत बियांसाठी हिची शेती होते. ६० × ४५ सेंटिमीटर अंतरावर एकरी सुमारे १५,००० कंद बसतात. ५० ग्रॅमचा कंद धरला तर ७५० किलो बेणं. पहिल्या वर्षीचा मोठा खर्च हाच, त्यानंतर आधाराचा. एकदा लावलं की ४-५ वर्षं पीक घेतात. तिथे हेक्टरी १० टन शेणखत आणि नत्र, स्फुरद, पालाश अनुक्रमे १२०, ५० आणि ७५ किलो देतात. नत्र अर्धं लावणीला, उरलेलं दोन हप्त्यांत. लावणीपासून काढणी साधारण १६० ते १८० दिवसांत, सुक्या बियांचं उत्पादन हेक्टरी २०० ते २५० किलोच्या आसपास. बियांचे खरेदीदार मोजके आहेत आणि भाव मोठे चढउतार खातो, त्यामुळे लेखी खरेदीकरार हातात आल्याशिवाय बेण्यावर पैसे घालू नका. महाराष्ट्रात पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवरच करून पाहणं शहाणपणाचं. बेणं दरवर्षी वाढतंच.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र ही बागेत लावू नये. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांवर ती तण म्हणून पसरली आहे.

वाळल्यानंतर

ऑक्टोबरात पानं खालून पिवळी पडू लागतात. हा रोग नाही, पाण्याची कमतरताही नाही. इथून पाणी हळूहळू कमी करा आणि वेल तपकिरी झाली की पूर्ण बंद. हिरवं खोड कापू नका, त्यातलं अन्न अजून कंदात उतरत असतं. वेल स्वतःहून वाळून बुंध्यापासून सुटली की कंद तयार झाला.

आता दोन वाटा आहेत. कंद जागेवरच ठेवायचा असेल तर कुंडी आडवी करून, पाऊस आणि पाणी लागणार नाही अशा सावलीच्या जागी सरकवा. तिच्यावर 'कळलावी, विषारी, पाणी नको' अशी चिठ्ठी लावा, नाहीतर घरातलं कोणीतरी रोजच्या पाण्यात तिलाही पाणी घालतं. अवकाळी पावसाकडेही लक्ष ठेवा. बागेतल्या निचऱ्याच्या जमिनीत तर काहीच करावं लागत नाही, फक्त तिथे हिवाळी फुलझाडं लावून पाणी देऊ नका.

दुसरी वाट खणून काढायची. दर दोन वर्षांनी ती लागतेच, कारण कुंडीत दाटी होते. डिसेंबर-जानेवारीत बुंध्यापासून वीतभर दूरून खणायला सुरुवात करा आणि मग हाताने माती उकरा. नवा कंद लावलेल्या खोलीपेक्षा बराच खाली गेलेला असतो, आणि काकडीसारखा कटकन मोडतो. वर जुन्या कंदाचं वाळकं टरफल सापडेल, ते फेकून द्या. लावलेला कंद तो वेल वाढवताना संपतो, दरवर्षी हाती येतो तो नवाच. धुऊ नका. माती झटका, सावलीत आठवडाभर सुकवा, कोरड्या वाळूत एकमेकांना न चिकटता ठेवा. खोकं हवेशीर, कोरड्या जागी, कांदे-बटाट्यांपासून आणि मुलांच्या हातापासून दूर. फ्रीजमध्ये ठेवू नका.

महिन्यातून एकदा चाचपा. मऊ पडलेला कंद लगेच बाजूला काढा. किंचित सुरकुतला असेल तर हरकत नाही, पाणी शिंपडायची गरज नाही. मेच्या मध्यावर टोकं नीट पाहा. डोळा फुगून फिकट हिरवट झाला की तो कंद लावायला घ्या. ज्याचा डोळा अजून निजलेला आहे तो वाळूतच आणखी पंधरा दिवस राहू द्या.